आपल्या हॉलमधल्या पियानोचं वय

गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मूळ विषय होता लिफ्टचा. दोन्ही विंगच्या लिफ्टचं काम, कंत्राटदाराचं कोटेशन, सिंकिंग फंडातली शिल्लक असं रीतसर चाललं असताना एका तरुण सभासदाने सुचवलं की हॉलमधला पियानो विकून टाकावा. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन तो बघून गेला होता. "दीडशे वर्षांपूर्वीचा माल आहे, परदेशातलं गिऱ्हाईक तयार आहे," असं सांगून त्याने दोन लाखांचा आकडा टाकला होता. सभेत एकदम चैतन्य आलं. ज्या वस्तूवर आपण गणपतीत प्रसादाच्या पराती ठेवतो, तिला दोन लाख!

तेवढ्यात ए विंगमधल्या वकीलबाईंनी हात वर केला. त्यांचं म्हणणं असं, की १९७२च्या पुरावशेषांच्या कायद्याप्रमाणे कलाकुसरीची वस्तू शंभर वर्षांची किंवा त्याहून जुनी असेल तर ती पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तशी नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. म्हणजे व्यापारी म्हणतो ते खरं असेल तर त्याचं गिऱ्हाईक खोटं, आणि गिऱ्हाईक खरं असेल तर दीडशे वर्षं खोटी! सभेत हशा पिकला. चेअरमनसाहेब म्हणाले, "मग आधी वय काढा." ही जबाबदारी माझ्यावर आणि ऑर्डनन्स फॅक्टरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या माझ्या शेजाऱ्यांवर पडली. त्यांना सगळे फोरमनसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्या शोधाची ही हकीकत आहे.

पहिला प्रश्न, हे धूड आपल्याकडे आलं कुठून? सोसायटीत याबद्दल तीन कथा प्रचलित आहेत आणि सांगणारे तिन्ही अगदी शपथेवर सांगतात.

पहिली कथा विमकोची. आपल्या अंबरनाथची ही काडेपेटीची कंपनी १९२३ साली स्वीडिश भांडवलावर उभी राहिली. तिचे गोरे साहेब अंबरनाथला राहत, त्यांच्याच एका बंगल्यातला हा पियानो, असं म्हणतात. दुसरी कथा कल्याण कॅम्पची. दुसऱ्या महायुद्धात आज जिथे उल्हासनगर आहे तिथे लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. दोन हजारांवर बराकी, सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसं राहतील एवढी व्यवस्था. आजही उल्हासनगरात पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर चार' म्हणतात ते त्यामुळेच. तिथल्या ऑफिसर मेसमधला हा पियानो, असं दुसरा पक्ष सांगतो. तिसरी कथा सर्वांत लाडकी: फाळणीत एका सिंधी कुटुंबाने तो कराचीहून बोटीतून आणला.

ज्यांनी पियानो सोसायटीला भेट दिला त्या बी विंगमधल्या अम्मा अजून आपल्यात आहेत. वय ऐंशीच्या पुढे, पण हिशेब पक्का. मी आणि फोरमनसाहेब त्यांच्याकडे गेलो आणि तिसरी कथा सांगितली. अम्मा हसायलाच लागल्या. "भाऊ, कराचीहून माझे सासरे काय घेऊन आले? दोन ट्रंका आणि एक शिवणाचं मशीन. मशीनपण बंदरावर गेलं. पियानो कुठला घेऊन बसलात!"

त्यांनी सांगितलेली खरी हकीकत अशी. सासरे निर्वासित म्हणून कॅम्पातल्या बराकीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून कॅम्पाचं उल्हासनगर झालं, तोवर त्यांनी फर्निचरचं छोटं दुकान टाकलंही होतं. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आज कुठल्या कुठे गेला, पण सुरुवातीला ही मंडळी मुंबईच्या चोरबाजारातून मोडकं सामान आणत, त्याचं चांगलं लाकूड काढून घेत आणि त्यातून कपाटं, पलंग बनवत. पियानो त्यांनी अशाच एका लॉटमध्ये उचलला, तोही मोडायलाच. अक्रोडाचं लाकूड दर्शनी, कपाटाच्या दारांना उत्तम. कारागिराने झाकण काढून ठेवलंसुद्धा होतं.

"सासूबाई दुपारी डबा घेऊन दुकानात गेल्या," अम्मा म्हणाल्या, "आणि बघतात तर हा उघडा पडलेला. कराचीत त्यांच्या शेजारी पारशीण राहायची, तिच्या घरी संध्याकाळी असाच वाजायचा. सासूबाई म्हणाल्या, हा मोडायचा नाही. सासरे म्हणाले, पैसे गुंतलेत. त्या म्हणाल्या, माझी बांगडी घ्या. बांगडी काही त्यांनी घेतली नाही. पण पियानो राहिला."

तो दुकानात दर्शनी भागी राहिला. घरात कोणालाच वाजवता येत नव्हता. त्यावर सनमायकाच्या नमुन्यांचे अल्बम ठेवत. २६ जुलै २००५ला वालधुनीचं पाणी दुकानात शिरलं, तेव्हा खालची दीड फूट बाजू बुडाली. पियानोच्या डाव्या अंगाला पॉलिशखाली जी आडवी फिकट रेघ दिसते ती त्या दिवसाची. पाणी उतरल्यावर अम्मांच्या मुलाने तो टेम्पोत घालून पहिल्या मजल्यावरच्या आपल्या हॉलमध्ये आणून ठेवला. ज्यांनी जिन्यातून तो वर चढवला त्या आठ सभासदांपैकी दोघांच्या कमरा अजून दुखतात असं ते सांगतात. बदलापूरकरांना आणि आपल्याला त्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको.

तर हकीकत कळली, पण वय नाही. सासऱ्यांनी घेतला तेव्हाच तो जुना होता एवढंच ठरलं.

आता पियानोचं वय काढतात कसं? घोड्याचं दातावरून काढतात, पियानोचं नंबरावरून. बहुतेक मोठ्या कारखान्यांनी पहिल्यापासून प्रत्येक पियानोला चढता क्रमांक दिला. तो आतल्या लोखंडी चौकटीवर किंवा झाकणाखाली लाकडावर असतो. कुठल्या साली कितव्या नंबरापर्यंत मजल गेली याच्या याद्या छापलेल्या आहेत. उदाहरणार्थ, न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कंपनीने १८५३ साली पहिला पियानो विकला त्याचा नंबर ४८३, कारण आधीचे ४८२ हाइनरिश स्टाइनवेग याने जर्मनीत बनवले होते म्हणतात. १,००,०००वा १९०३ साली व्हाइट हाउसला भेट दिला गेला आणि ३,००,०००वा १९३८ साली तिथेच. म्हणजे एखाद्या स्टाइनवेचा नंबर या दोन आकड्यांच्या मधला असला की तो १९०३ ते १९३८च्या दरम्यानचा. आपल्या पासबुकात नोंदींचे क्रमांक असतात तसंच.

आपल्या पियानोला नंबर आहे. लोखंडी चौकटीवर पाच आकडी, ठसठशीत. पण नंबर कोणाचा? पट्ट्यांवरच्या फळीवर सोनेरी अक्षरांत नाव आहे ते बनवणाऱ्याचं नाही, विकणाऱ्याचं, आणि खाली 'बॉम्बे'. त्या काळी हे सर्रास चाले. युरोपातले लहान कारखाने बिननावाचे पियानो बनवून देत आणि इथला व्यापारी आपलं नाव घाली. ज्या खातेवहीतला क्रमांक आहे ती खातेवहीच कळत नसेल तर क्रमांकाचा काय उपयोग? व्यापाऱ्याला हे माहीत होतं, म्हणूनच तो बेधडक दीडशे म्हणाला.

मग उरतात बाकीचे पुरावे. इथे कल्याणहून आलेल्या ट्यूनरांचा फार उपयोग झाला. माझ्याच वयाचे ख्रिस्ती गृहस्थ, वडीलही हेच काम करत. त्यांनी आधी पियानोची पुढची फळी काढली, टॉर्च आत घातला आणि दहा मिनिटं काही बोललेच नाहीत.

पियानो कधी निघाला हे थोडक्यात सांगतो. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७००च्या सुमारास तो तयार केला. त्याआधीच्या वाद्यांत तार छेडली जाई, याने तारेवर हातोडी मारण्याची युक्ती काढली. जोरात दाबलं तर मोठा आवाज, हळू दाबलं तर लहान. त्याच्या हातचा सर्वांत जुना शिल्लक पियानो १७२०चा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पुढे अमेरिकेत १८२५ साली बॅबकॉकने अखंड ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं आणि १८५९ साली स्टाइनवेने मोठ्या पियानोत जाड तारा बारीक तारांवरून तिरप्या नेण्याचं. आपल्या उभ्या पियानोत लोखंडी चौकट पूर्ण आहे आणि तारा तिरप्या आहेत. म्हणजे तो क्रिस्तोफोरीच्या काळचा नाही हे ठरलं. फोरमनसाहेब म्हणाले, "एवढं तर मीही सांगितलं असतं."

पुढचे पुरावे जास्त कामाचे. पुढच्या फळीवर दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर, चार-चार भोकं बुजवलेली दिसतात. तिथे पितळी मेणबत्तीदाण्या होत्या. मुंबईत वीज पुरवणारी बेस्टची मूळ कंपनी १९०५ साली निघाली आणि विजेची ट्राम १९०७ला धावली. म्हणजे ज्या घरांत अजून दिव्याबत्तीची वेळ होती अशा घरांसाठी हा बनला होता. पण कारखाने वीज आल्यावरही शोभेसाठी मेणबत्तीदाण्या लावत, त्यामुळे याने फक्त कल मिळतो, निकाल नाही. पट्ट्या ८५ आहेत, हल्ली ८८ असतात. तोही कलच.

स्क्रू मात्र सगळे पितळी, आणि जिथे युरोपात नुसता सरस लावतात तिथेही स्क्रू मारलेले. ट्यूनर म्हणाले, हा खास उष्ण देशांसाठी बांधलेला माल. आपल्या पावसाळ्यात सरस सुटतो, लोखंडी स्क्रू गंजतो. म्हणजे तो कुणा साहेबाने आपल्या सामानाबरोबर आणलेला नाही, इथे विकण्यासाठीच आला. विमकोच्या स्वीडिश साहेबाची कथा इथे बरीच लंगडी पडली.

मागच्या बाजूला, भिंतीकडे, लाकडावर जळका ठसा आहे: मेड इन जर्मनी. हा आपला पहिला पक्का पुरावा. जर्मन माल इंग्रजी नावाने विकला जातो अशी इंग्लंडमधल्या कारखानदारांची ओरड होती. म्हणून १८८७ साली तिथे व्यापारचिन्हांचा कायदा आला, की परदेशी मालावर तो इंग्रजी भासेल असं नाव असेल तर कुठल्या देशात बनला ते लिहिलं पाहिजे. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८८९चा कायदा झाला. गंमत अशी झाली की लाज वाटावी म्हणून लावलेला हा शिक्का पुढे दर्जाची खूण ठरला! आपल्या पियानोवर इंग्रजी अक्षरांत मुंबईच्या व्यापाऱ्याचं नाव, म्हणून मागे जर्मनीचा शिक्का. त्यावरून तो १८८७च्या आधीचा बहुधा नाहीच. व्यापाऱ्याची दीडशे वर्षं इथे संपली.

आणि दुसरं टोक? ऑगस्ट १९१४ला महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश साम्राज्याचा जर्मनीशी व्यापार थांबला. युद्धानंतर जर्मन पियानो पुन्हा येऊ लागले. म्हणजे हा १८८७ ते १९१४मधला, नाहीतर १९२०च्या पुढचा. चेअरमनसाहेबांच्या डोळ्यांत इथे आशा दिसली. १९३० सालचा निघाला तर शंभर पुरे होत नाहीत, व्यापारी येतो, लिफ्ट होते.

आतल्या फळीवर पेन्सिलीने ट्यूनरांच्या नोंदी आहेत. दर वेळी सूर लावून झाला की आत तारीख घालून सही करायची ही त्यांची जुनी रीत. आमच्या ट्यूनरांनी त्या एकेक वाचून दाखवल्या, सर्वांत जुनी १९२७ची, मुंबई. त्यावरून तेव्हा तो इथे होता एवढं कळतं. शंभराला तीन वर्षं कमी! एका सभासदाने लगेच विचारलं, "झालं ना मग?" झालं नव्हतं. पहिली सही म्हणजे जन्म नव्हे. शाळेच्या दाखल्यावर नाव चढण्याआधी मूल पाच वर्षांचं असतंच.

शेवटी ट्यूनरांनी सगळ्यात डावीकडची पट्टी उचलली. पियानोची पट्टी दिसते त्याच्या दुप्पट लांब असते आणि मधल्या खिळीवर नुसती बसवलेली असते, समोरची लाकडी पट्टी काढली की अलगद वर येते. पट्ट्या बनवणारे कारागीर पहिल्या पट्टीच्या अंगावर बऱ्याचदा तारीख टाकत. आपल्या पट्टीवर ती होती. इंग्रजी आकडे, मधे टिंबं: नऊ, चार, आणि मग दोन आकडी साल. त्यातला शेवटचा आकडा आठ. त्याच्या आधीचा शून्य की आठ यावरून हॉलमध्ये दोन तट पडले. शून्याच्या कमरेत एक काळा डाग होता. १९०८ म्हणणारे पाच, १८८८ म्हणणारे सात. सेक्रेटरी सातांत, कारण स्मरणिकेत छापायला १८८८ जास्त छान दिसतं.

एका आकड्यावरून काळ कसा सरकतो याचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. आपल्यापासून चालत पंधरा मिनिटांवर वालधुनीच्या काठी शिवमंदिर आहे. त्याच्या शिलालेखातलं साल डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आधी शके ७८२ असं वाचलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो लेख पुन्हा तपासला आणि शके ९८२ असं वाचन केलं, आणि तेच मान्य झालं. इसवी सनात सांगायचं तर ८६०च्या ऐवजी १०६०, शिलाहार राजा माम्वाणीच्या वेळचं. भाऊ दाजींसारखा विद्वान, लेख समोर, तरी सात आणि नऊ यांत दोनशे वर्षं इकडची तिकडे झाली. दगडावर ही स्थिती, तर पेन्सिलीचं काय!

पण आमच्याकडे एक सोय होती जी त्या दोघा विद्वानांकडे नव्हती: त्याच हाताचे आणखी आकडे. पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी पट्ट्यांवर त्याच कारागिराने पेन्सिलीने क्रमांक टाकले आहेत. एक ते पंच्याऐंशीत शून्य आठ वेळा येतो आणि आठ चौदा वेळा. बँकेत चेकवरच्या सह्या पडताळण्यात माझी तीस-बत्तीस वर्षं गेली, तेव्हा हे काम मी आवडीने केलं. दोन दुपार भिंग घेऊन बसलो. त्या कारागिराचा आठ वरून उजवीकडून सुरू होतो आणि सुरुवातीशी पुन्हा मिळत नाही, वर बारीक फट राहते. चौदाच्या चौदा तसेच. शून्य मात्र तो बंद करतो आणि शेवटी आत छोटी शेपटी सोडतो. वादातल्या आकड्याला फट नव्हती, शेपटी होती. कमरेतला डाग शाईचा, नंतर पडलेला.

तरीही सेक्रेटरी ऐकेनात. त्यांचा मुद्दा रास्त होता, अक्षर हा एकट्याचा पुरावा. तो सोडवला फोरमनसाहेबांनी. डाव्या पेडलच्या आतल्या लोखंडी पट्टीवर त्यांना बारीक ठोकलेली चार अक्षरं सापडली, डी.आर.जी.एम., आणि पुढे एक क्रमांक. जर्मनीत छोट्या यांत्रिक सुधारणांच्या नोंदणीसाठी १८९१ साली वेगळा कायदा झाला, त्या नोंदणीची ही खूण. १८८८च्या पियानोवर १८९१ची खूण येणार कशी? "नंतर बदलली असेल," सेक्रेटरी म्हणाले. फोरमनसाहेबांनी टॉर्च मारून दाखवलं: पट्टी बसवलेल्या चारही स्क्रूंच्या खाचा कोऱ्या, एकदाही पेचकस न लागलेल्या. लाकडाचं मूळ पॉलिश पट्टीच्या कडेपर्यंत सलग आलेलं. पट्टी काढली तर खालचं लाकूड उजळ, बाहेरचं काळवंडलेलं, मधे सरळ रेघ. "ही पट्टी जन्मापासून इथे आहे. आणि आता मीच पहिला, जिने पेचकस लावला तो," असं म्हणून त्यांनी स्क्रू परत घट्ट केले. सातांतले सहा आमच्या बाजूला आले.

तर ९ एप्रिल १९०८. ही तारीख पट्ट्यांची. पूर्ण पियानो जुळायला आणि बोटीने मुंबईला पोचायला आणखी काही महिने धरले तर १९०८ची अखेर किंवा १९०९. मुंबईत विजेची ट्राम नवी होती आणि गिरगावात संगीत नाटकं जोरात होती. अर्थात आपल्या मंडळींत पियानो कधी रुजला नाही. त्याला मींड निघत नाही, मांडीवर किंवा सतरंजीवर घेता येत नाही, आणि किमतीत दहा पेट्या येतात. नाटक कंपन्यांनी ऑर्गन स्वीकारला, पियानो पारशी, ख्रिस्ती आणि गोऱ्या साहेबांच्या घरी राहिला. पुढे प्रभात फिल्म कंपनीत केशवराव भोळ्यांनी तो चित्रपटसंगीतात आणला, पण ती वेगळी गोष्ट.

२०२४ साली आपला पियानो ११६ वर्षांचा झाला. परदेश बंद.

चेअरमनसाहेब म्हणाले, देशातल्या देशात विकू. इथे दुसरी अडचण निघाली, आणि तिच्याकडे ट्यूनरांनीच लक्ष वेधलं. प्रत्येक पांढरी पट्टी दोन तुकड्यांची आहे, पुढचा रुंद आणि मागचा अरुंद, मधे केसाएवढी सांध्याची रेघ. उजेडात तिरपं धरलं की अंगात लाकडासारख्या, पण वेड्यावाकड्या रेषा दिसतात. सेल्युलॉइडच्या पट्टीला सांधा नसतो आणि रेषा असल्या तर यंत्राने आखल्यासारख्या समांतर. म्हणजे हे हस्तिदंत. युरोपातल्या पियानोंना बहुतेक आफ्रिकेतलं हस्तिदंत लागे, आणि एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतलं बरंच हस्तिदंत झांझिबारहून आधी मुंबईत येऊन मग लंडनला जाई. कोण जाणे, या पट्ट्यांनी मुंबई बंदर दोनदा पाहिलेलं असेल.

वकीलबाईंनी कायदा सांगितला. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. पियानो कितीही जुना असो, हस्तिदंतासकट विकता येत नाही. "मग पांढऱ्या पट्ट्या काढून घ्या आणि बाकीचा विका," असं मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं. अम्मा सभेला आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फोरमनसाहेबच उठले आणि म्हणाले, "दात काढून बैल विकायचा का?" त्यानंतर तो विषय निघाला नाही. हस्तिदंताबाबत सोसायटीने वनखात्याकडे लेखी मार्गदर्शन मागितलं आहे, त्याची पोच ऑफिसच्या फाइलला आहे. लिफ्टसाठी प्रत्येक फ्लॅटला किती वर्गणी बसली ते सर्वांना माहीत आहे, ते इथे उगाळत नाही.

ट्यूनरांनी तीन दिवस काम केलं. ८५पैकी ७१ पट्ट्या आता वाजतात. पुरात भिजलेली पेडलं सुटी झाली आहेत. हातोड्यांच्या फेल्टला कसर लागली होती, ते बरंचसं बदललं. सूर मात्र आजच्या पट्टीत चढवला नाही. १९०८ साली युरोपात मूळ सूर सेकंदाला ४३५ कंपनांचा धरत, ४४० हा आजचा आकडा १९३९च्या लंडन परिषदेत ठरला. शिवाय आपल्या खुंट्या सैल झाल्या आहेत. जोर केला तर तार तुटेल, खुंटी फिरेल. म्हणून तो जवळजवळ अर्ध्या सुराने खाली ठेवला आहे. आपल्या महिला मंडळाच्या पेटीबरोबर तो वाजवू नये, दोन्ही वाईट वाटतील.

काम संपल्यावर त्यांनी आतल्या फळीवर, १९२७च्या सहीखाली पेन्सिलीने तारीख घातली आणि सही केली. मग अम्मांना खाली बोलावून वाजवून दाखवला. एक इंग्रजी धून आणि मग एक जुनं हिंदी गाणं. अम्मांनी विचारलं, "सासूबाईंच्या पारशिणीकडे हेच वाजत असेल का?" ट्यूनर म्हणाले, "पहिलं वाजत असेल, दुसरं तेव्हा निघालं नव्हतं." त्यांनी पहिलं परत वाजवलं.

काही सूचना, कमिटीच्या वतीने. पियानोवर पराती, समई, फुलदाण्या ठेवू नयेत. पावसाळ्यात त्या बाजूची खिडकी बंद असावी. आत चाळीस वॉटचा बल्ब बसवला आहे, तो दमटपणासाठी आहे, चालूच राहील, जाता येता बंद करू नये. झाकणाची किल्ली ऑफिसात वॉचमनकडे आहे. मुलांनी वाजवायला हरकत नाही, फक्त हात धुऊन.

ऑडिटरने डेड स्टॉक रजिस्टरमधली जुनी नोंद दुरुस्त करायला सांगितली होती. आता ती अशी आहे: पियानो, उभा, जर्मन बनावट, सन १९०८, भेट, विक्रीस अपात्र, पुस्तकी किंमत रुपये १ फक्त.